सहादू कल्हईवाल्याची वाळू

मला लिहिण्याची सवय नाही. शाळेच्या हजेरीपलीकडे फारसं कधी लिहिलं नाही, आणि हेही नीट जमेल असं वाटत नाही. पण सहादूमामांविषयी सांगणारं माझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही.

मामा मूळचे राजूरचे. लग्न झाल्यावर बनाबाईंच्या माहेरी, पारनेरजवळच्या आमच्या वाडीत राहायला आले आणि तीस वर्षं कल्हई करत राहिले. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाचा बोळा झपाझप फिरवायचा. मग भांड्यात तोंड बघायचे. "माजी मिशी दिसली पायजे, तवाच भांडं घरला जायाचं," म्हणायचे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या पोरांसाठी शाळेत आमटी-भात शिजायचा. पातेलं तांब्याचं, कल्हई मामांची. एका दुपारी जेवणानंतर अकरा मुलांना उलट्या झाल्या. दहा बरी झाली. मुक्ताबाईची चार वर्षांची छबू गेली.

कामावरचा मुकादम छगन चावडीवर म्हणाला, "कथील म्हाग झालंय. म्हाताऱ्यानं शिसं मिसळलं आसंल, दुसरं काय?"

दुसऱ्या दिवसापासून मामांकडे एकही भांडं आलं नाही. बनाबाई आडावर गेल्या की बायका आपापले हंडे उचलून बाजूला व्हायच्या.

चौथ्या दिवशी आरोग्य खात्याचे एक साहेब आले. म्हणाले, मुंबईला एक यंत्र आहे. धातूवर क्ष-किरण सोडले की प्रत्येक धातू आपले निराळे किरण परत टाकतो. त्यावरून कथील किती, शिसं किती, ते कळतं. लाखात चाळीस भाग शिसं असलं तरी सुटत नाही.

मामा पुढे सरकले. "साहेब, त्या यंत्राला कुनी आदी पढवून ठिवत न्हाई ना?"

साहेब हसले. "नाही हो."

"मंग न्या. आत्ताच न्या."

जीपमध्ये जागा नव्हती. "शुक्रवारी माणूस पाठवतो. तोवर पातेलं नीट सांभाळा, गुरुजी," असं सांगून साहेब गेले.

गुरुवारी सकाळी मामा शाळेत आले. पातेलं आतून आमटीनं काळवंडलं होतं. ते बघून मामांचा चेहरा पडला. "गुरुजी, आसलं भांडं मुंबईला धाडायचं व्हय? मोठी मानसं बघत्याल. म्हनत्याल, ह्यो कसला कल्हईवाला! द्या हिकडं, दुपारपातुर आनून देतो."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. परक्याकडे भांडं जायचं तर ते लख्ख करूनच पाठवतात, एवढंच मला ठाऊक होतं. मी दिलं. मामांनी नाल्याकाठी पातेल्यात वाळू टाकली, आत उभे राहिले आणि पायांनी गोल फिरत जुना थर घासून काढला. वाळू तिथंच ओतली. मग नवी कांडी लावली. परत आले तेव्हा पातेल्यात तोंड बघून हसले. छबू गेल्यापासून पहिल्यांदाच.

जूनअखेर पातेलं परत आलं. बुडाचा बंद्या रुपयाएवढा तुकडा कापलेला होता. अहवाल चावडीवर मीच वाचला. शिसं नाममात्र. परंतु थर ताजा आहे, घटनेच्या वेळच्या थराविषयी मत देता येत नाही.

"म्हंजी पुसला की यानं!" छगन ओरडला. "मनात पाप नसतं तर पुसला आसता का?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. पातेलं मीच दिलं, त्यांना रोखलं नाही, एवढंच सांगायचं होतं. मी अहवालाची घडी घालून खिशात ठेवली. मामांनीही माझं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते चाळण घेऊन नाल्यात बसू लागले. मधल्या काळात पावसानं नाल्याला दोनदा पूर येऊन गेला होता. आठ दिवसांनी फडक्यात बांधलेली ओंजळभर वाळू त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"लाखात चाळीस दिसतं म्हनले ना साहेब? मंग माजं जुनं कथील ह्यात कनभर तरी घावंल. धाडा, गुरुजी."

मी पार्सल केलं. सोबतच्या पत्रात पातेलं मीच दिल्याचं कबूल केलं, वाळू कुठली तेही लिहिलं. पंधरा दिवसांत ती पुडी तशीच परत आली. उघड्या नाल्यातली वाळू कोणत्या भांड्याची ते ठरवता येत नाही, म्हणून तपासणी होणार नाही, असं लिहिलं होतं.

रविवारी मामा आले. "आलं का काई?"

"अजून नाही, मामा."

मग दर रविवारी यायचे. सडकेच्या कामावर खडी फोडून बोटं सुजलेली असायची. मी मान हलवली की तेच माझी समजूत घालायचे. "लई बारीक काम हाय ते, गुरुजी. येळ लागायचाच."

दिवाळीनंतर खडीच्या ढिगापाशीच त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. मातीला आम्ही पाचजण होतो.

तेराव्याला मी बनाबाईंकडे गेलो. पुडी आणि पत्र पिशवीत घेतलं होतं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि विचारलं, "आलं का हो काई, मुंबईवरनं?"

तेव्हाही मी नाहीच म्हणालो.