पाटीखालचं नाव

माझी गार्डन रीचला बदली झाली आणि आईही माझ्यासोबत कोलकात्याला आली. तिला बंगाली येत नव्हतं, पण सकाळी एकटीने बाजारात जाऊन भाजी आणायची, हा तिचा हट्ट होता. "एवढं तरी माझं मला करू दे," म्हणायची. आजूबाजूच्या गल्ल्या सगळ्या सारख्याच, हिरव्या खिडक्यांच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मात्र एक जुनी पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर खाली हिंदीतही लिहिलेलं होतं: पुकुर लेन.

एके दिवशी ती पाटी गेली आणि तिथे कोरी करकरीत निळी पाटी आली. कुणा दिवंगत समाजसेवकाचं लांबलचक नाव, फक्त बंगालीत आणि इंग्रजीत. मला लगेच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. नाव बदललं की करारातला पत्ता बदलणार, म्हणजे घरमालकाला आम्हाला काढायला निमित्त. जिन्यात भेटल्यावर तो गोड हसला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

मी वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूने शांतपणे सांगितलं की समितीने नाव सुचवलं, सभेने मंजूर केलं, हरकतीही मागवल्या होत्या. जुनं नाव खाली बारीक अक्षरात ठेवता येईल का, असं मी विचारलं.

"मंज़ूर नाम के सिवा कुछ नहीं चलेगा, दादा. और कोई लिखेगा तो केस हो जाएगा."

हा इतका शांत कसा, हाही सामीलच असणार, असं पुटपुटत मी परतलो.

आणि दोनच दिवसांत पाटीखालच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं दिसलं: पुकुर लेन. तेही देवनागरीत! आमच्या गल्लीत देवनागरी लिहिणारं घर आमचं एकच. अक्षरं वेडीवाकडी, ओळख पटू नये म्हणून मुद्दाम डाव्या हाताने काढल्यासारखी. आम्हाला केसमध्ये अडकवायचा डाव, दुसरं काय! मी ते ओल्या फडक्याने पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज सकाळी दूध आणायला खाली उतरलो की पुसायचं, हा नेमच झाला. चहाच्या टपरीवर बसलेल्या प्रत्येकाच्या बोटांकडे मी बघत असे.

त्याच सुमारास आई बाजारातून उशिरा येऊ लागली. एकदा तर शेजारच्या बौदी तिला हाताला धरून घेऊन आल्या. "मासे बघत उभी राहिले," आई म्हणाली. माशांच्या वासाने नाकाला पदर लावणारी आई! पण मी तेव्हा बौदींचाच विचार करत होतो. या बाईंना आमच्या घरात काय बघायचं होतं?

शेवटी चोर पकडायचाच म्हणून एका सकाळी मी लवकर खाली उतरलो आणि टपरीमागे उभा राहिलो. थोड्या वेळाने आई आली. तिने इकडेतिकडे बघितलं, पिशवीतून खडू काढला आणि एक हात भिंतीला टेकून लिहू लागली.

"आई!"

ती दचकली, पण मला पाहून तिला हायसं वाटलं. "बरं झालं आलास. अरे, पाटी बदलल्यापासून मला आपली गल्लीच सापडत नाही. तुला सांगितलं असतं तर माझं बाजारात जाणं बंद केलं असतंस. म्हणून जाताना लिहून जाते." मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "पण मी येईपर्यंत कुणीतरी पुसून टाकतं रे. रोज. आपण इथे राहू नये असं वाटतंय कुणाला तरी. तू शोधून काढ."

मी हो म्हणालो. ओलं फडकं माझ्या खिशात होतं आणि त्याचं पाणी पँटमधून मांडीला लागत होतं.