दाजींच्या फुप्फुसांचं पान

आमच्या दाजींना कुणी तब्येत विचारली की ते शिरोलीत "ठणठणीत हाय की!" म्हणायचे आणि ते कागलला ऐकू जायचं. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. फाउंड्रीत भट्टीच्या आवाजावर ओरडून ओरडून गळा तयार झालेला. त्याच फाउंड्रीतल्या वाळूच्या धुळीनं फुप्फुसं खाल्ली, तरी उत्तर बदललं नाही. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून मलाच विचारायचे, "पावणं, तुमचं त्वांड का असं उतरलंय?"

शेवटी कुणा अनोळखी माणसाच्या घरच्यांनी मोठं मन केलं आणि दाजींना त्याची फुप्फुसं मिळाली. पुढं दाजी तोंडाला मास्क लावून जोतिबाच्या पायऱ्या चढू लागले. मी जन्मापासूनची माझीच फुप्फुसं घेऊन मागं धापा टाकत असे. वरून हाक यायची, "पावणं, तुमची बी बदलून घ्यायची काय?" नारळवाल्यांची फुकट करमणूक.

दवाखान्यात यंत्रात फुंकायचं असे, तेही दाजी आखाड्यात उतरल्यासारखं फुंकायचे. मग तपासायला रक्त द्यायचं. एकदा फुंकणं झकास झालं, पण रक्ताचा अहवाल वाईट आला. डॉक्टरांनी समजावलं, ज्यानं फुप्फुसं दिली त्याच्या डीएनएचे बारीक तुकडे दाजींच्या रक्तात सापडतात. ते वाढले म्हणजे फुप्फुसांना इजा होतेय. जंतुसंसर्ग असेल, नाहीतर शरीर त्यांना परकं समजून हाकलायला निघालं असेल.

"शरीराला आवर घालणाऱ्या रोजच्या गोळ्या चुकवता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छ्या! एक बी न्हाय."

"आन् रविवारच्या?" अक्कानं विचारलं.

दाजी आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "रविवारी जोतिबाचा उपास असतोय. उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची?"

"देवानं सांगितलंय व्हय, गोळी खाऊ नका म्हणून?"

पुढच्या तपासण्यांत शंका खरी निघाली. शरीरानं भांडण काढलंच होतं. दाजींना ॲडमिट केलं. दम लागायच्या आत कळलं म्हणून औषधांनी निभावलं. खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाले, "रक्तात सापडतोय म्हंजे तो माणूस आत हाय की अजून. आन् मी त्याला दर रविवारी घराबाहेर काढत हुतो."

त्या वर्षी सर्वपित्री अमावस्येला, ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांच्यासाठी जेवण वाढतात त्या दिवशी, दाजींनी एक जादा पान वाढायला लावलं. खीर, वडे, आमटी आणि कडेला इडली नि शिरखुर्मा.

"हे काय दाजी?"

"कुठला, कुणाचा, कायबी ठावं न्हाय. ह्यातलं एक तरी आवडीचं असंल की."

दाजी दोन वर्षांपूर्वी गेले. झोपेत, अजिबात आवाज न करता, यावर आमचा अजून विश्वास बसत नाही. आता त्यांच्या तिथीला त्यांचं पान असतं आणि अमावस्येला त्या अनोळखी माणसाचं. यंदा मी अक्काला म्हटलं, "दोन्ही पानं एकाच दिवशी शेजारी-शेजारी वाढू की. तेवढाच तुझा त्रास कमी."

"नगं रं बाबा," अक्का म्हणाली. "ह्यांच्या शेजारी बसवल्यावर त्याला सुखानं जेवू देतील व्हय? बोलतच बसतील."