ठाण्याच्या पिशवीतलं कार्ड

"सत्तावन्न माणसं पाहिजेत. सोमवारी सकाळी सातला गेटवर," सबनीस साहेब फोनवर म्हणाले. "आणि वामनराव, सगळी एका फर्मच्या नावावर नकोत."

"ते तुम्ही मला शिकवू नका साहेब. रेटचं बोला."

रेटवर आमची अर्धा तास जुंपली. शेवटी माझाच आकडा राहिला. फोन ठेवला तेव्हा मी खूश होतो. बोईसरच्या एमआयडीसीत दोन वर्षं मंदी होती. अर्ध्या शेडना कुलपं होती. सबनीस साहेब मॅनेजर होते त्या कापड रंगवणाऱ्या कंपनीने दोन शिफ्ट बंद करून परमनंट कामगारांना घरी पाठवलं होतं. आता ऑर्डरी परत आल्या होत्या, पण परमनंट माणूस कुणालाच नको होता. सगळ्यांना कॉन्ट्रॅक्टर हवा होता, आणि तो मी होतो.

मी वाणगावचा. चौथीनंतर शाळा सुटली. वीटभट्टीवर विटा वाहिल्या, मग माणसं पुरवायला लागलो. इंग्रजी येत नव्हतं, पण लेबरचा कायदा मी वकिलापेक्षा नीट वाचून घेतला होता. वीस किंवा जास्त माणसं लावली की कॉन्ट्रॅक्टरला लायसन्स लागतं, रजिस्टरं लागतात, इन्स्पेक्टर येतो. एकोणीस असली की यातलं काही नाही. म्हणून माझ्या तीन फर्म होत्या. एक माझ्या नावावर, एक बायकोच्या, एक मेव्हण्याच्या. प्रत्येकीत एकोणीस माणसं. सत्तावन्न.

सोमवारी गेटवर रांग लागली. तिसऱ्या नंबरला जनार्दन पागधरे उभा होता. जवळच्या दांडी गावचा कोळी. याच कंपनीत सहा वर्षं परमनंट होता, जिगर ऑपरेटर. जिगर म्हणजे कापड दोन रुळांवर मागेपुढे गुंडाळत रंगाच्या हौदातून काढायचं मशीन. जनाला मशीन न बघता, नुसत्या आवाजावरून कळायचं की कापडाला ताण पडतोय. कमी केलेल्या माणसांना भरतीच्या वेळी आधी बोलवावं, असा कायदा आहे. पण कंपनी भरती करतच नव्हती. भरती मी करत होतो.

"शेट, मशीन तेच हाय ना?" जनाने विचारलं.

"तेच."

"मंग पगार निम्मा कसा?"

"तू आता ऑपरेटर नाहीस. हेल्पर आहेस. माझ्या मस्टरवर."

तो हसला. "मशीनला सांगा तसं."

मला राग आला. माझा राग नाकावरच असतो. "परवडत नसेल तर रांगेतून बाहेर हो. मागे पन्नास उभे आहेत." तो बाहेर झाला नाही. त्याचे दोन भाऊ होडीवर होते आणि त्या होडीत तिसऱ्याचं पोट भरत नव्हतं.

त्याच महिन्यात ठाण्याहून राऊत नावाचा एक सरकारी तरुण आला. मंदीनंतर जिल्ह्यात किती रोजगार वाढला याचे आकडे जमवत होता. कंपनीने त्याला कागद दाखवले. मंदीआधी इतके, आता त्याच्या निम्मे. पण त्याने शेडमध्ये डोकं घातलं तर सगळी मशीनं चालू. तो माझ्याकडे आला.

"तुमची माणसं किती?"

"एकोणीस."

"आणि बाकीची?"

"ती दुसऱ्या फर्मची. तिथेही एकोणीस. तिसरीतही."

"पंचवीस किंवा जास्त माणसं असली तरच आमचा फॉर्म भरतात," तो म्हणाला. "मग ही सत्तावन्न माणसं मी कुठे लिहू?"

"लिहू नका," मी म्हणालो. त्याने वही मिटली. त्याला चहा पाजून मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

हे एकोणीसचं गणित एका ठिकाणी अडायचं. एखादा गैरहजर राहिला तर बदली माणूस मस्टरवर घेता येत नसे, कारण तो विसावा झाला असता. म्हणून मी सुट्टी देत नसे. तापात माणूस आला तरी मशीनवर उभा करत असे.

एका सोमवारी जना माझ्या टपरीवजा ऑफिसात आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक कार्ड. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळे नावनोंदणीला ठाण्याला जावं लागे. बेकाराचं नाव तिथल्या रजिस्टरात जितकं जुनं, तितका त्याचा नंबर वर. सरकारी जागा निघाली की एक्स्चेंज वरून नावं पाठवी. मात्र ठरलेल्या महिन्यात कार्डावर शिक्का मारून आणावा लागे. नाही आणला तर नाव कापलं जाई. जनाने दहावी झाल्यावर नाव घातलं होतं. परमनंट असतानाही तो न चुकता शिक्का आणायचा. अकरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

"गुरवारी ठान्याला जायचं हाय शेट. म्हयना संपतो. एक दिस द्या."

"दोन जण आधीच नाहीत. तू गेलास तर जिगर कोण चालवणार, मी? पोस्टाने पाठव."

"पोस्टाने नाय. हरवलं तर? औंदा हितं मोठी सरकारी भरती हाय बोलतात. माजा नंबर लागंल. पुढच्या वर्साला वय निघून जातं."

"नाही म्हणजे नाही."

तो तसाच उभा राहिला. वाद घातला असता तर मी हाकललं असतं. पण तो नुसता कार्डाकडे बघत होता. मला कसंतरी झालं. म्हणालो, "आण इकडे. गुरुवारी मी लेबर ऑफिसला ठाण्याला जातोय. शिक्का मीच मारून आणतो."

"नक्की ना शेट?"

"वामन बोलला की बोलला."

त्याने कार्ड प्लॅस्टिकसकट माझ्या हातात दिलं. माझी एक कापडी पिशवी होती, फक्त ठाण्याच्या कामाची. लायसन्स लागत नाही अशी पत्रं, चलनं, सगळं तिच्यात. कार्ड मी तिच्यात टाकलं.

गुरुवारी सकाळी पिशवी खांद्याला लावून मी बोईसर स्टेशनकडे निघालो होतो. एवढ्यात कंपनीची जीप समोर येऊन थांबली. सबनीस साहेबांनी बोलावलं होतं. मी बसलो. रात्रपाळी सुरू करायची होती. आणखी एकोणीस माणसं. दुसरा कॉन्ट्रॅक्टरही केबिनबाहेर बसवलेला होता. मला ते दिसलं आणि माझं डोकं तापलं. मी पाच वाजेपर्यंत तिथे बसलो. आवाज चढवला, उठून निघालो, दारातून परत आलो. शेवटी काम मला मिळालं, माझ्या रेटने. चौथी फर्म चुलतभावाच्या नावावर काढायची ठरली. शुक्रवार-शनिवार माणसं जमवण्यात गेले. ठाण्याची पिशवी घरी खुंटीला लागली.

त्यानंतर एकदा शेडमध्ये जनाने हाक मारली. मी फोरमनशी भांडत होतो, मशीनं धडधडत होती.

"शेट, कार्ड झालं ना?"

"हो हो, झालं," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. खोटं बोलायचं म्हणून बोललो नव्हतो. त्या दिवसांत माझं सगळंच होत होतं, म्हणून तेही झालं असणार असं वाटलं.

सात आठवड्यांनी ठाण्याला निघालो आणि गाडीत पिशवी उघडली. कार्ड वरच होतं.

लेबर ऑफिस सोडून आधी एक्स्चेंजला गेलो. खिडकीतल्या बाईंनी तारीख बघितली. "मुदत संपली. सवलतीचे दिवसही गेले. नाव कमी झालंय. उमेदवाराला पाठवा, आजच्या तारखेने नवीन नोंदणी करू."

मी समजावलं, ओरडलो, हात जोडले. चूक माझी आहे म्हणालो. बाई चिडल्या नाहीत. रजिस्टर माझ्याकडे वळवून त्यांनी नावावरची लाल रेघ दाखवली. आयुष्यभर मी सौदे केले. त्या खिडकीवर पहिल्यांदा माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जनाला ऑफिसात बोलावून सांगितलं. वाटलं होतं तो शिव्या देईल. मग मीही दिल्या असत्या आणि विषय संपला असता. तो म्हणाला, "तुमी झालं बोललात."

"बोललो. तुला मुकादम करतो. मशीनवर उभं राहायला नको."

"नको. कार्ड द्या."

"आता त्याचा काय उपयोग?"

"पयली तारीख हाय त्यावर माजी." त्याने कार्ड प्लॅस्टिकमध्ये घातलं आणि शिफ्टला गेला.

चार महिन्यांनी भरती झाली. दांडीतल्याच, जनाच्या दोन वर्षं मागे नाव घातलेल्या एका मुलाला पत्र आलं. तो लागला. रिटायर होईपर्यंतची नोकरी. जना माझ्याकडे हेल्परच राहिला. पुढे कंपनीने जुनी मशीनं विकली, तेव्हा त्याचं कामही गेलं. आता भावांच्या होडीवर जातो असं कळलं.

राऊत पुन्हा एकदा आला होता. जिल्ह्याच्या रजिस्टरातली नावं कमी झाल्याचं वरिष्ठांना बरं वाटलंय म्हणाला. मी जनाचं सांगितलं. तो म्हणाला, "तुमचा पागधरे मशीनवर उभा होता तेव्हा आमच्याकडे बेकार होता. आता नाव कापलं, म्हणजे बेकारी एकाने कमी झाली." आणि त्याने चहा नको म्हटलं.

बोईसरमध्ये लोक अजून म्हणतात, कॉन्ट्रॅक्टरांनी परमनंट नोकऱ्या खाल्ल्या. मला ते झोंबतं. वीसचा आकडा सरकारचा, युक्ती सबनीस साहेबांच्या सोयीची, आणि शिव्या मात्र मला. साहेबांच्या निरोप समारंभात त्यांनी मंदीतून कंपनी कशी वर काढली त्याचं भाषण झालं. मला बोलावणंही नव्हतं. यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे, आणि भांडतोही.

फक्त जनाच्या कार्डाबद्दल कुणाशी भांडता येत नाही. धंद्यात आलेल्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो: दुसऱ्याचं कार्ड हातात घेऊ नका. घेतलंत तर त्या दिवशी जीप आली तरी बसू नका.