ज्येष्ठेची मोजणी

आमच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या ताईच्या यजमानांनी, औसा तालुक्यात मोजायचं असं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. भूमापन खात्यातून ते निवृत्त झाले, पण मोजणी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. ताटातल्या भाकरीकडं बघून म्हणायचे, "उत्तरेकडून अतिक्रमण हाय." ताई म्हणायची, "गुमान खावा!" मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात सगळ्यांनी तोंड फिरवलं; दाजी तेवढे म्हणाले, "अर्धवट मोजणी काय रद्द होत न्हाई गड्या, पुढची तारीख मिळती." त्या एका वाक्यावर मी अजून तगून राहिलोय.

तालुका संपल्यावर ते आभाळात शिरले. जीव जडला तो ज्येष्ठा नावाच्या तांबड्या चांदणीवर. सूर्याच्या जागी ठेवली तर आपली पृथ्वी पोटात घेईल एवढी अजस्र. पण अंगानं विरळ, कडेला तर नुसती वाफ. "बांध न्हाई, दगड न्हाई. हद्द कुठं धरावी सांग!" म्हणत दाजी खुशीत मांडी थोपटायचे. उपाय एकच. चंद्राची कड तिच्यावरून सरकताना तिला विझायला पापणी लवण्याहूनही कमी वेळ लागतो, त्यावरून तिची रुंदी काढायची. असा योग गच्चीवरून दिसावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं वाट बघितली, आणि तो आला नेमका मी तिरुपूरच्या कापड कारखान्यात जायला निघालो त्या संध्याकाळी. मला गाडी चुकायची धास्ती. तरी दाजींनी दुर्बिणीला मोबाईल बांधून मला उभं केलं. "मी 'हां' म्हटलं की बटण दाब."

मोजणीआधी लगतच्यांना बोलवून हरकत विचारायची, ही खात्याची रीत. म्हणून सगळी आळी गच्चीवर. चंद्राची कड ज्येष्ठेला अगदी टेकली, आणि दाजी सवयीनं मागं वळले, "कुणाची हरकत?"

"हाव, माझी हाय!" शेजारच्या काकू कडाडल्या. "तुमच्या तिपाईचा पाय माझ्या कुरडयात हाय!"

दाजी वाकून बघेपर्यंत ज्येष्ठा गेली. माझं बोट बटणावर तसंच. मग दाजीच असे खदाखदा हसले की काकूंनाही आवरेना.

"तासाभरानं दुसऱ्या कडेनं निघती की ती," मी म्हणालो. "तवा मोजा. मी जातो रिक्षानं."

दाजींनी वर बघितलं, मग माझ्या पिशवीकडं बघितलं आणि स्कूटरची किल्ली काढली. "ती कुठं पळती? तुझी गाडी थांबायची न्हाई. चल."

स्टँडपर्यंत, आणि पुढं गाडी सुटेपर्यंत, त्यांनी एकदाही आभाळाकडं मान वर केली नाही.

इथं कारखान्याच्या गच्चीवरून ती तांबडी ठिणगी दिसली की मी फोन लावतो. "कुठवर आली मोजणी, दाजी?"

"पुढची तारीख मिळंल," ते म्हणतात. "सुट्टी टाकून ये. बटणाला तूच पायजे."