झेंडीवाल्या काकू

झेंडीवाल्या काकू कोणालाही खोळंबवून ठेवत नसत. पाहुणा "निघतो" म्हणाला की आग्रह न करता त्या दार उघडत. "विनाकारण गाडी उभी ठेवणं म्हणजे गुन्हा आहे बाप्पा," हे त्यांचे स्पष्टीकरण. स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्या चौबे कॉलनीत आमच्या शेजारी राहायला आल्या, पण ड्युटी काही अंगातून उतरली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या रुळांकडेच्या गुढियारी वस्तीतल्या मुलींचे शिबिर घेत. हमालांच्या, ठेलेवाल्यांच्या मुली. रुळांशेजारी वाढलेल्या, पण इंजिनात एकीनेही पाय ठेवलेला नव्हता. काकू त्यांना सिग्नल शिकवत, रेल्वेभरतीची माहिती देत आणि मोठ्याने बोलायला लावत. कोणी पुटपुटली की ओरडत, "पोट्टे, ड्रायव्हर काय तुया मनातलं ऐकते?"

सर्वांत खणखणीत आवाज दुलारीचा. तिला इंजिन चालवायचे होते. मालधक्क्यावर हमाली करणाऱ्या वडिलांनी तिचे लग्न ठरवत आणले होते. काकू घरी जाऊन बोलल्या, तेव्हा ते हसून म्हणाले, "पहले इंजन में चढ़के दिखाए, फिर पढ़ा देंगे." काकूंनी तो शब्द पक्का धरला.

शिबिराचा खर्च शहराबाहेरचा एक कारखाना करत असे. त्याच्या आवारात स्वतःचे रूळ होते, इंजिन होते. समारोपाला मुलींना इंजिनातून फिरवायचे ठरले. खालून हिरवी झेंडी काकू दाखवणार होत्या. ती मिळाल्याशिवाय ड्रायव्हर इंजिन हलवत नाही. दुलारीचे वडील त्या दिवशीची हमाली सोडून बघायला आले.

ऐन वेळी कारखान्याच्या साहेबांची आणि पाहुण्यांची मुले मोटारींतून उतरली. "पहले बच्चे लोग घूम लें, दीदी. फिर आपकी लड़कियाँ," साहेब म्हणाले. फोटोसाठी शिबिराच्या पिवळ्या टोप्या मुलींच्या डोक्यावरून काढून त्या मुलांना घालण्यात आल्या. इंजिन भरले. ड्रायव्हरने बाहेर डोकावून काकूंकडे पाहिले. काकूंनी हिरवी झेंडी दाखवली.

इंजिन फिरून आले. मग भाषणे झाली, ऊन वाढले, पाहुण्यांची पाने वाढली गेली. दुसरी फेरी झालीच नाही.

परतीच्या बसमध्ये दुलारीने विचारले, "काकू, झंडी क्यों दिखाई?"

"गाडी उभी होती पोरी. हात उचलल्या गेला."

"बिना कारण थोड़ी खड़ी थी. मैं नीचे थी ना."

बस गुढियारीला पोहोचली. वडील रागावले नव्हते. उतरताना त्यांनी मुलीला एवढेच विचारले, "हो गया शौक?"

दिवाळीनंतर दुलारीचे लग्न झाले. काकू लग्नाला गेल्या. दुलारीने रीतीप्रमाणे पाया पडून पुढच्या पाहुण्याकडे मोर्चा वळवला. पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याची माणसे काकूंना बोलवायला आली. त्यांनी दारातूनच नाही म्हटले. शिबिर मात्र दर वर्षी होते. फलकावर पिवळ्या टोप्यांतली तीच गोरी, गुटगुटीत मुले असतात आणि खाली लिहिलेले असते, "वंचित बेटियों की नई उड़ान".

काकू नागपूरला मुलाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांच्या मुलाच्या सांगण्यावरून मी दुलारीला फोन करून ते कळवले.

"हव," ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली, ती गॅस बंद करून आली. "भैया, वो शिबिर अब भी होता है?"

होते, मी सांगितले.

"लड़कियों को इंजन में बिठाते हैं?"

नाही. अजूनही पाहुण्यांचीच मुले बसतात.

"तो उनको पहले ही बता दिया करो," ती म्हणाली. "घर से किसी को साथ न लाएँ."