तात्यांचं तिसरं रेकॉर्डिंग

बारामतीत आमची चार जणांची छोटी कंपनी आहे. संस्थांची माहिती साठवण्याचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. त्यात माझ्याकडे फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठं बसेल आणि कुणाला किती जागा मिळेल हे ठरवणारा भाग. मी वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढले, वडील कारखान्यात फिटर. घरात मोजमापाला फार मान होता. त्यामुळे असेल, हे काम मला मनापासून आवडायचं.

इंदापूरकडच्या एका कॉलेजनं आमचं सॉफ्टवेअर सगळ्यांत आधी घेतलं. वर्षभरात त्यांची तक्रार आली. एका विभागानं व्हिडिओ भरून ठेवले की सगळ्या कॉलेजचं काम बंद पडतं. जागेवर मर्यादा घालायला हवी होती. माणसागणिक मर्यादा जमेना, कारण एका विभागाचं काम पाच जणांच्या डिरेक्टरींत, म्हणजे फोल्डरांत, पसरलेलं असायचं. मग मी डिरेक्टरींचे गट केले. वनस्पतिशास्त्राच्या सगळ्या डिरेक्टरी मिळून एक गट आणि त्या गटाला मिळून एक कोटा, म्हणजे ठरलेली जागा. कोटा संपला तर तेवढाच गट थांबेल.

बैठकीत कंपनीतली एक सोबतीण म्हणाली, "गटात एकानंच सगळी जागा खाल्ली तर?"

"ते त्यांनी आपसात बघावं," मी म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

त्या वनस्पतिशास्त्र विभागात निवृत्तीला आलेले एक सर होते. सुट्टीच्या दिवशी ते सुप्याच्या माळावर जायचे. तिथं एक म्हातारे होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. आता मेंढरं नव्हती. एक मुलगा शेती करायचा, दुसरा टेम्पो चालवायचा. माळावरचं प्रत्येक गवत तात्यांना ठाऊक होतं. ते कुठल्या महिन्यात गोड लागतं, कुठलं खाल्लं की मेंढरू फुगतं, सगळं. सर ते मोबाइलवर रेकॉर्ड करत.

सरांचा फोन कायम भरलेला. म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. रेकॉर्डिंग झालं की ते कॉलेजच्या डिस्कवर जाईल आणि तिथं पोचलं की फोनमधून पुसलं जाईल. तो चालवून बघायला मी दुसऱ्या रेकॉर्डिंगच्या वेळी सरांबरोबर सुप्याला गेले होते. तात्यांनी एक काडी तोडून माझ्या हातात दिली.

"चावून बघा, बाई."

मी चावली. काहीच चव लागली नाही.

"न्हाय ना लागत? मेंढराला लागती," ते म्हणाले आणि खोकेपर्यंत हसले.

महिनाभरानं सर एकटेच गेले आणि तिसरं रेकॉर्डिंग करून आले. त्याच आठवड्यात विभागातल्या कुणीतरी प्रात्यक्षिकांचे व्हिडिओ आपल्या डिरेक्टरीत टाकले होते. सरांनी फोन केला तो आणखी पंधरा दिवसांनी.

"अहो, फाइल दिसतेय, पण वाजत नाही."

मी बघितलं. नाव होतं, तारीख होती, आकार शून्य. गटाचा कोटा भरला होता. नाव लिहिण्यापुरती जागा मिळाली, आवाज लिहायला मिळाली नाही. आणि माझ्या प्रोग्रॅमनं नुसतं नाव बघून फाइल पोचली असं मानलं आणि फोनमधलं पुसून टाकलं.

"सर, आत काही नाही," मी म्हणाले.

ते म्हणाले, "तात्या गेले परवा. म्हणून तर ऐकायला बसलो होतो."

मी त्यांचा फोन मागवून घेतला. पुसलेलं परत काढण्याचे माहीत होते तेवढे सगळे उपाय केले. पण पंधरा दिवसांत त्या जागेवर दुसरंच काहीतरी लिहिलं गेलं होतं. मी फोन परत दिला तेव्हा सरांनी तो खिशात टाकला आणि तासाला निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

नंतर मी रचना बदलली. गटातल्या प्रत्येक डिरेक्टरीला थोडी राखीव जागा दिली. कोटा भरत आला की आधीच इशारा जातो. मजकूर लिहिता आला नाही तर नावही राहत नाही. दोन आठवड्यांचं काम होतं. ते पहिल्यांदाच करता आलं असतं.

तात्यांचा दहावा झाल्यावर आम्ही सुप्याला गेलो. थोरली सून घरी होती. सरांनी गवतांची नावं विचारली.

"आमाला न्हाय ठावं त्यातलं," ती म्हणाली. "त्यांनी सांगायचं, आमी हूं म्हणायचं." मग तिनं विचारलं, "आवाज तरी हाय का त्यांचा?"

पहिली दोन रेकॉर्डिंगं शाबूत होती. सरांनी एक लावलं. ती दाराशी बसून ऐकत राहिली. तात्या मधेच दम घ्यायला थांबले की तिचाही श्वास थांबायचा.

संपल्यावर मी तिला सांगितलं, "तिसरंही होतं. माझ्या चुकीनं गेलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागावली नाही. "त्या दिशी लई बोललं ते," ती म्हणाली. "दोनदा च्या गार झाला. मी म्हनलं, आता बास करा, तर म्हनले, ऱ्हाऊ दे, सर लिवून घेत्यात."

परतताना सर माळावर उतरले आणि तासभर गवत गोळा करत राहिले. पवन्या, मारवेल, कुसळी ही नावं त्यांना येतच होती. बाकीच्या काड्या हातात धरून ते आठवायचा प्रयत्न करत होते. मी शेजारी वही घेऊन उभी होते.

सर आता निवृत्त झालेत. त्यांनी गवतांची एक छोटी पुस्तिका काढली आणि मलाही एक प्रत पाठवली. शेवटच्या चार पानांवर गवतांची चित्रं आहेत. खाली शास्त्रीय नावं आहेत आणि त्यांच्या खाली, जिथं तात्यांनी सांगितलेलं गवताचं नाव यायचं, तिथं कोरी ओळ.