दुसऱ्या फेरीत आम्ही दोघं

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, तेव्हा कुठे आम्ही नवराबायको सलग सहा महिने एका घरात राहिलो. त्याआधीचं आयुष्य ह्यांच्या करारांवर चाललं होतं. हे बोटीवर मोटरमन होते, म्हणजे इंजिनाच्या खोलीतलं काम. नऊ महिने बोटीवर, दोन-तीन महिने घरी. मी रत्नागिरीत, घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बायकांचे ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचे, अजून शिवते. एकुलती एक मुलगी शिकली, नोकरीला पुण्याला गेली. घरात मी, मशीन आणि गिऱ्हाइकं.

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तो सुट्टीत, घरीच. सकाळी दाढी करताना हातातला ब्रश खाली पडला, आणि हे तो उचलत का नाहीत म्हणून मी दारातूनच विचारत राहिले. जीव वाचला. महिन्याभरात बोलणं बरंचसं सरळ झालं. पाय ओढत का होईना, चालायला लागले. उजवा हात मात्र आला नाही. कोपरात मुडपलेला राहायचा, आणि कुठे जोर लावला की आपोआप वर उचलला जायचा, जसा काही तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. बोटी संपल्या.

व्यायाम शिकवायला घरी एक बाई यायच्या. त्यांचं म्हणणं, आता डाव्या हाताला शहाणं करा. त्यांनी ताटलीत चिंचोके दिले, ते एकेक उचलून वाटीत टाकायचे. चौथ्या दिवशी ह्यांनी ताटली सरकवून दिली आणि म्हणाले, "मी काय बालवाडीत आहे?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बोटीवर काम संपल्यावर काय करायचात?"

"कॅरम."

"मग तो काढा की."

कॅरमबोर्ड कपाटामागे उभा करून ठेवलेला होता. मी त्यावरची धूळ पुसली, मशीनशेजारी स्टुलावर मांडला आणि समोर बसले, कारण समोर बसायला दुसरं कुणी नव्हतं. मला खेळता येत नव्हतं. सोंगट्या लावायच्या, खाली पडलेला स्ट्रायकर उचलून द्यायचा, एवढंच माझं काम असणार असं मला वाटलेलं. पहिले दोन महिने तेच होतं. डाव्या हाताने मारलेला स्ट्रायकर बोर्डावरून उडून मशीनखाली, खाटेखाली, एकदा तर भिजत घातलेल्या तांदळात गेला. हे चिडायचे नाहीत. पुन्हा मारायचे.

हळूहळू मीही मारायला लागले. ह्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. म्हणाले, "स्ट्रायकरकडे बघू नको. सोंगटीला जिथे लागायला पाहिजे, ती जागा बघ आणि हात सोड." मला ते लवकर जमलं. इतकी वर्षं नजरेनेच कापडावर खडूची रेघ मारत आले होते, कोन डोळ्यांत बसलेला होता. वर्षभरात मी तिनातला एक डाव जिंकायला लागले.

रोज दिवेलागणीला आम्ही बसायचो. हात चालले की तोंडही चालायचं. बोटीवर बोर्ड एका बाजूला कलला की सगळ्या सोंगट्या त्याच बाजूला घसरायच्या आणि मग त्या कुणाच्या यावरून भांडणं व्हायची, हे मला तेव्हा कळलं. एकदा ह्यांनी सांगितलं की कुठल्याशा बंदरात माझ्यासाठी निळं रेशमी कापड घेतलं होतं, पण बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याच्याकडे न्यायला काहीच नव्हतं, म्हणून ते त्याला देऊन टाकलं. "तुला तेव्हा सांगितलं नाही. तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," मी म्हटलं.

मग मीही एक सांगितलं. मुलगी चार वर्षांची असताना ह्यांचा फोन आला की मी म्हणायचे, झोपली आहे. ती झोपलेली नसायची. ती फोनवर यायला तयार नसायची. कोण बाबा, म्हणून विचारायची. हे ऐकल्यावर ह्यांनी स्ट्रायकर तसाच बोटाखाली धरून ठेवला. मग म्हणाले, "बरं केलंस, झोपली म्हणालीस ते." आणि मारला. त्या संध्याकाळी आम्ही दोघंही वाईट खेळलो.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग आमच्या भागातल्या मंडळाने कॅरमच्या स्पर्धेचा फलक लावला. एकेरी, खुला गट, पुरुष आणि बायका एकत्र, हरला तो बाहेर. हे संध्याकाळी काठी टेकत फिरायला गेले आणि दोघांचीही नावं देऊन आले. मला दोन दिवसांनी, ब्लाऊज न्यायला आलेल्या एका बाईकडून कळलं.

"मला का ओढलंत यात?" मी विचारलं.

"एकटा गेलो तर लोक माझ्या हाताकडे बघतील. तू असलीस तर निम्मे तुझ्याकडे बघतील."



पहिल्या फेरीत माझा सामना एका बँकेतल्या साहेबांशी झाला. ते घाईत होते, मी नव्हते. ह्यांच्यासमोर मिरकरवाड्यातले एक मासळीचे व्यापारी आले. लिलाव आटपून थेट आलेले, साबणाने तीनतीनदा हात धुऊन मगच बसले. पहिले दोन बोर्ड, म्हणजे डाव, ते ह्यांच्या डाव्या हाताला सांभाळून घेत खेळले, आणि ते त्यांना महाग पडलं. उठताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, पुढल्या वेळी दया नाय."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुढच्या फेरीच्या जोड्या लागल्या. आमची नावं एकमेकांसमोर होती.

मी घरी काही बोलले नाही. दुपारी बटणं आणायचं निमित्त करून निघाले आणि मंडळाच्या कार्यवाहाला गाठलं. म्हटलं, माझं नाव काढा, ह्यांना पुढे चाल द्या. त्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. ह्यांना आणखी एक सामना मिळेल, मला काय, मी घरी खेळतेच आहे.

कार्यवाहांनी नाव काढण्याआधी ह्यांना फोन केला. मी परतले तेव्हा हे मशीनच्या खुर्चीवर बसले होते.

"काय गो, कुठे गेलेलीस?"

"बटणं आणायला."

"दाखव बटणं."

बटणं मी आणलीच नव्हती. हे आवाज चढवत नाहीत. शांतपणे म्हणाले, "आजारी पडल्यापासून सगळे मला सोडून देतात. रांगेत पुढे घेतात. रिक्षावाला पैसे नको म्हणतो. घराच्या पायरीवर शेजारी हात धरतात. तू एकटी अशी आहेस जी रोज संध्याकाळी मला हरवतेस. तू पण आता सोडणार?"

मी तिथूनच कार्यवाहांना फोन लावला आणि नाव राहू द्या म्हणून सांगितलं. मग बटणं आणायला खरंच गेले.

सामना रविवारी दुपारी होता. मंडळाच्या खोलीत चार बोर्ड मांडलेले, वरती दिवे, भिंतीला लागून बाकं. नवराबायको समोरासमोर म्हटल्यावर आमच्या बोर्डाभोवती गर्दी झाली. पंच म्हणून एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांनी आम्हाला सगळ्यांना सांगतात तसंच सांगितलं, "खेळताना बोलायचं नाही."

खरी अडचण ती होती. आम्ही न बोलता कधी खेळलोच नव्हतो. पहिल्या बोर्डाला मला सुचेना. घरी ह्यांच्या उजव्या कोपराखाली मी उशी द्यायचे, इथे उशी नव्हती. मी मारायचं सोडून ह्यांच्या त्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर ठेवला होता. तो बोर्ड गेला. दुसराही गेला. तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघितलं. शब्द नाही, नुसतं बघितलं. दुपारी आमटीत मीठ पडलं नसेल तर बघतात तसं. मग मी खेळायला लागले.

तिसरा, चौथा आणि पाचवा बोर्ड मी घेतला. पुढचे दोन वाटून गेले. गुण समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांवर मोजतात; आठवा बोर्ड शेवटचा, आणि त्याला बसलो तेव्हा दोघांचे गुण सारखे. जो हा बोर्ड घेईल त्याचा सामना.

ह्यांच्या शेवटच्या एका सोंगटीवर गोष्ट आली. माझ्या दोन होत्या. ह्यांची सोंगटी माझ्या बाजूच्या कोपऱ्याजवळ होती, लांबचा फटका, पण सरळ. ह्यांनी स्ट्रायकर लावला, श्वास घेतला आणि मारला. सोंगटी कोपऱ्यात पडली. बाकांवरून टाळ्या आल्या. कुणीतरी "काका" म्हणून ओरडलं. मला छातीत एकदम हलकं वाटलं, हरल्याचं काही वाटलंच नाही.

टाळ्या थांबेपर्यंत हे थांबले. मग म्हणाले, "मास्तर, फाउल आहे."

मास्तर म्हणाले, "कसला फाउल?"

"जोर लावताना उजवा हात वर आला. बोटं बोर्डाला लागली."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनी ते बघितलं होतं असं मला अजून वाटतं. मीही बघितलं होतं. ती दोन बोटं बोर्डाच्या कडेच्या आत येऊन टेकली होती आणि तिथली पावडर पुसली गेली होती. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "तो हात तुमच्या ताब्यात नाही. मी धरत नाही."

"हात माझाच आहे," हे म्हणाले. "धरा."

मास्तरांनी फाउल धरला. गेलेली सोंगटी परत वर आली, दंडाची आणखी एक आली. नियमाप्रमाणे दोन्ही मधल्या वर्तुळात मलाच लावायच्या होत्या. मी लावल्या. आता ह्यांच्या दोन, माझ्या दोन, आणि पाळी माझी.

पहिली सहज गेली. दुसरी कोपऱ्याच्या तोंडाशी होती. नुसता धक्का पुरला असता. शिकतानाच्या पहिल्या महिन्यातली मीसुद्धा ती घातली असती. मी स्ट्रायकर लावला आणि मला ती दिसेना, डोळे भरले होते. चुकवायची असती तर त्या क्षणी कुणालाच कळलं नसतं. ह्यांना कळलं असतं. आणि मग उद्यापासून संध्याकाळी समोर कोणत्या तोंडाने बसले असते?

मी पदराने डोळे पुसले. फटक्याला ठरलेला वेळ संपला होता, पण मास्तरांनी घड्याळाकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मी लागायला पाहिजे ती जागा बघितली आणि हात सोडला.

सामना संपल्यावर हात मिळवायचा असतो. ह्यांनी डावा पुढे केला. मी चुकून उजवा केला होता, मग बदलला. आमचं लग्न जुन्या पद्धतीने झालेलं, चारचौघांत ह्यांनी माझा हात असा कधी हातात घेतलेला मला आठवत नाही. त्यांनी तो लगेच सोडलाही नाही.

तासाभराने माझा पुढचा सामना होता. पॉलिटेक्निकमध्ये शिकणारी एक मुलगी, केसांची घट्ट वेणी, बोर्डासमोर बसल्यावर तिची पापणी लवत नव्हती. तिने मला वीस मिनिटांत संपवलं. हे बाकावर चहाचा कप घेऊन बसले होते. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा कप माझ्याकडे देऊन म्हणाले, "चौथ्या बोर्डाला राणीच्या मागे लागलीस ना, तिथे सामना गेला. आधी कोपरा मोकळा करायला हवा होता."

"दमले होते," मी म्हटलं.

"मी पण."

रिक्षाने परत आलो. घराशी उतरल्यावर शेजारचे गृहस्थ पायरीजवळ उभेच होते, त्यांनी हात पुढे केला. ह्यांनी "नको" म्हटलं, कठड्याला धरून तिन्ही पायऱ्या चढले आणि वरती वळून माझी वाट बघत उभे राहिले. रात्रीच्या जेवणाला मी काही केलं नाही, दुपारचाच भात फोडणीला टाकला. जेवताना हे म्हणाले, "चांगली खेळलीस." मी वाढायचं निमित्त करून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आमच्या घरी आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि ह्यांना म्हणाले, "माझी दृष्टी आता कमी पडते. उपांत्यपूर्व फेरीपासून पंच म्हणून तुम्ही बसा." हे "बघू" म्हणाले, आणि दुपारी चार वाजताच माझ्याकडे इस्त्री मागितली.

पुढचे पाच दिवस हे रोज संध्याकाळी पांढरा शर्ट घालून जायचे. डाव्या हाताने बटणं लावायचे, कॉलरचं तेवढं मी लावायचे. मी पाठीमागून काठीची आठवण करून द्यायचे. मग मशीनवर बसायचे. दिवाळी नुकतीच झालेली, लग्नाच्या मोसमातलं काम साचलं होतं, तरी पाय चालवावासा वाटत नव्हता. ह्यांच्याशिवायच्या कितीतरी संध्याकाळी ह्याच खोलीत गेल्या होत्या आणि तेव्हा मी हुं की चूं केलं नव्हतं. आता तीन तास जाता जात नव्हते. साडेआठच्या सुमारास रस्त्यावर काठीचा आवाज यायचा. मी दिवा लावून दारात उभी राहायचे, आणि हे पायरीवरूनच सांगायला सुरुवात करायचे, कोण जिंकलं, कोण कसं हरलं.